अनुभव धागा: घरातली मारझोड थांबवायला गाव काय करू शकतं?

'त्यांच्या घरातला मामला' म्हणून कडी लावून घेणारी आळी असते, तशी दार वाजवणारीही असते. गावात, वस्तीत या कामात मुरलेल्यांनी इथे लिहावं. कुणाची ओळख उघड होईल असं काही नको. काय करायचं, कसं करायचं आणि कुठे फसतं, एवढं सांगा.

दारूबंदीचं काम करणारी

बाटली आडवी करायची, म्हणजे मतदानाने गावातलं दारूचं दुकान बंद करायचं, तर आधी गणित बघा. 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज दिला, की उत्पादन शुल्क खातं सह्या पडताळतं आणि मग गुप्त मतदान लागतं. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत. झालेल्या मतदानाच्या निम्मी पुरत नाहीत. यादीत 1,200 बायका असतील तर सह्या 300 आणि मतं 601. आल्या 900 जणी, त्यातल्या 590 जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच राहतं.

म्हणून खरं काम मतदानाच्या कितीतरी आधी, मतदार यादीवर. लग्न होऊन गेलेल्या लेकी आणि वारलेल्या म्हाताऱ्या यादीत तशाच असतात, आणि त्यांचं न पडलेलं मत दुकानाच्या बाजूला मोजल्यासारखं होतं. नमुना 7 भरून ती नावं आधी कमी करून घ्या. सह्या बरोबर 300 वर थांबवू नका, 400 तरी घ्या. पडताळणीला माणूस दारात आला की नवऱ्यासमोर बाई 'मी नाही केली' म्हणते, एखादीचा अंगठा जुळत नाही. ऊसतोडीच्या गावात दिवाळी ते गुढीपाडवा या काळात मतदान लागलं तर ते हरलेलंच समजा. निम्म्या बायका फडावर असतात.

आणि हे सगळं परवान्याच्या दुकानापुरतं. हातभट्टीला मतदान लागू नाही. तिथे दारूबंदी कायद्याच्या कलम 93 खाली विकणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड घ्यायला लावा.

वस्तीतल्या महिला मंडळातून

दारूचं दुकान बंद झालं म्हणून हात थांबतोच असं नाही. न पिता मारणारे पुष्कळ आहेत.

आरडाओरडा ऐकू आला की दोघी-तिघींनी मिळून जायचं, एकटीने कधीच नाही. दार वाजवून विरजण मागा, काडेपेटी मागा. 'का मारतोस' हा प्रश्न त्या घडीला विचारू नका. आपण निघालो की त्याचा राग तिच्यावरच निघतो. मारताना खंड पडणं, एवढंच त्या वेळचं काम. हत्यार दिसलं तर आत पाऊल टाकायचं नाही, 112 लावायचा.

तिच्याशी बोलणं दुसऱ्या दिवशी, तो कामावर गेल्यावर. तिची एक पिशवी शेजारणीकडे ठेवायची: आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा एक फोटो, औषधं, दोन कपडे, थोडे सुटे पैसे. तिथेही पिशवी कपाटात नको, तांदळाच्या डब्यात तळाला ठेवा.

संरक्षण अधिकारी कार्यालयाच्या कामाची माहिती असलेला

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम 4 आहे. हिंसा होतेय असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवलं तर तिच्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही. शेजाऱ्यांच्या मनातली अर्धी भीती हे एक कलम वाचून दाखवलं की जाते.

पुढे घटनेचा अहवाल नमुना 1 मध्ये लिहिला जातो. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 'नेहमी त्रास देतो' हे वाक्य कोर्टात टिकत नाही. तारीख, वेळ, कशाने मारलं, कुठे लागलं, कोण हजर होतं, असं लिहायला हवं. तारीख आठवत नसेल तर 'पोळ्याच्या आदल्या दिवशी', 'धाकट्याला डोस दिला त्या दिवशी' अशी खूण धरून काढता येते. दवाखान्यात बाई 'पडले' म्हणते आणि केसपेपरवर तेच लिहिलं जातं. खरं कारणच सांगायचं, हे सोबत गेलेल्या बाईने तिला आधीच समजावून ठेवावं. फोटो त्याच दिवशी काढा आणि तिसऱ्या दिवशीही. काळंनिळं नंतर उमटतं.

कलम 12 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जावर पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी, निकाल 60 दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून अर्जातच कलम 23 खाली अंतरिम आदेश मागा. घर तिच्या नावावर नसलं तरी तिथे राहायचा हक्क कलम 17 देतं. 'माझ्या घरातून नीघ' हे ऐकून बाई निघून गेली, की तिची बाजू व्यवहारात अवघड होते.

तंटामुक्ती समितीत बसलेला

गावातले वाद गावातच मिटवायच्या या समितीत समझोता करायची घाई असते. मारहाणीच्या प्रकरणात ती घातक आहे. स्टँप पेपरवर 'पुन्हा मारणार नाही' लिहून घेतात, आणि त्याखाली बाईकडून 'मी उलट बोलणार नाही' हेही लिहून घेतात. म्हणजे मार खाणं ही तिचीच चूक ठरली! असा कागद करूच नका. जखम असेल तर प्रकरण समितीपुढे घेऊ नका. सरळ ठाण्यात किंवा महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात न्या. तिला समितीपुढे बोलवायचंच झालं तर सासरच्यांसमोर जबाब घेऊ नका, आणि निम्म्या तरी बायका बसलेल्या असू द्या.

विधवा प्रथेवर काम करणारी

नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं हीसुद्धा हिंसाच. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने 4 मे 2022 ला ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. ठराव बऱ्याच गावांनी केले. अडतं ते मयताच्या घरी. तिरडी उचलायच्या आधी भावकीतली एखादी थोरली बाई पुढे होते, हात धरते, दोन मिनिटांत सगळं उरकतं. तेव्हा ठराव दप्तरात असतो.

म्हणून निरोप आला की चार जणींनी तासाभरात त्या घरी पोचायचं. दोघींनी विधवेच्या दोन्ही बाजूंना बसायचं, तिचे हात आपल्या हातात धरून. तिसरीने त्या थोरल्या बाईजवळ बसून हळू आवाजात बोलायचं, चारचौघांत तिला टोकायचं नाही. चौथीने सासऱ्याला किंवा दिराला बाहेर गाठायचं, कारण 'राहू दे' हा शब्द त्यांच्याकडून आला की आतल्या बायका थांबतात. दहाव्याला पुन्हा जायचं. पहिल्या दिवशी टळलेलं जोडवी-मंगळसूत्र तेव्हा काढायला लावतात.