गच्चीवरच्या जीपीएस अँटेनाला डिशची केबल चालते का?

भाऊ, लातूरच्या तीन मजली इमारतीवरून ३० मीटर केबल खाली आणायची, रिसीव्हर ५० ओमचा (ओम म्हणजे इथं इम्पिडन्सचं माप, केबल आणि यंत्राचा मेळ त्यावर बसतो) आणि दुकानदार दाखवतोय डिशची ७५ ओमची आरजी-६, हा तुमचा पेच. आधीच्या उत्तरात एकांनी ५० ओमची म्हणून आरजी-५८ ही बारीक केबल सुचवलीय. मी तरी ती घेणार नाही, डिशचीच घेईन.

जीपीएसचा मुख्य, एल-१ नावाचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. तिथं साधी आरजी-५८ मीटरमागं पाऊण डेसिबलच्या (सिग्नल किती घटला त्याचं माप) आसपास खाते, म्हणजे ३० मीटरला वीसच्या वर. चांगली फोमवाली आरजी-६ दहाच्या आसपास थांबते. ५० आणि ७५ चा मेळ बसत नाही म्हणून एका जोडावर जातं ते जेमतेम ०.२ डेसिबल, त्याचा एवढा बाऊ नको. एलएमआर-४०० ही कमी सिग्नल खाणारी केबल सगळ्यात सरस, पण जाड, महाग आणि वळवायला हट्टी.

रिसीव्हर अचूक वेळेसाठी वापरणार असाल, तर सिग्नलला केबलमधून खाली यायला होणारा उशीर मात्र विसरू नका. फोम केबलमध्ये मीटरला साधारण ४ नॅनोसेकंद, म्हणजे तुमच्याकडं १२० च्या घरात. तेवढा आकडा रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये टाकायचा. वेटोळं उलगडताना वेष्टनावर छापलेले मीटरचे आकडे टिपून ठेवा, नंतर मोजत बसावं लागत नाही.

आपल्याकडं अवकाळीत विजा काय थैमान घालतात ते सांगायला नको. केबलवर अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण, लावाच, पण डीसी (एकदिश वीज) जाऊ देणारा. अँटेनातल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीज त्याच केबलमधून जाते, ती अडली की अँटेना मुकी. वेष्टन काळंच घ्या, पांढरं उन्हानं लवकर तडकतं.