'बायोलॉजिक' औषधाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मावशीला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. डॉक्टरांनी अ‍ॅडालिमुमॅबचं इंजेक्शन सुचवलं आणि 'हे बायोलॉजिक आहे' म्हणाले. मी घरी 'जैविक औषध' असं सांगितलं, तर सगळे म्हणाले, मग काहीच अपाय नाही! दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद : 'जैविक शेती', 'जैविक खत' यांमुळे त्या शब्दाला 'निर्धोक' असा अर्थ चिकटलाय. इथे तो घातक ठरेल. अ‍ॅडालिमुमॅब प्रतिकारशक्तीचा एक भाग दाबतं, म्हणून सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात. मावशींना हे नक्की सांगा. मी 'जैवऔषध' म्हणतो आणि पुढे जोडतो : जिवंत पेशींकडून बनवून घेतलेलं प्रथिन.

'बनवून घेतलेलं' महत्त्वाचं. चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून १९५७ मध्ये वेगळ्या केलेल्या पेशींचे वंशज आजही प्रयोगशाळांत वाढताहेत. त्यांना सीएचओ पेशी म्हणतात. अ‍ॅडालिमुमॅब हे प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे, म्हणजे ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन. अशा हव्या त्या प्रतिपिंडाचं जनुक या पेशींत घालतात, भरपूर प्रतिपिंड बनवणारी पेशी निवडतात, तिची पिल्लावळ गोठवून ठेवतात आणि लागेल तशी मोठ्या टाक्यांत वाढवतात. पेशी प्रतिपिंड बाहेरच्या द्रवात सोडतात. मग पेशी गाळून ते शुद्ध करायचं.

प्रश्न : इन्शुलिन तर जिवाणूंपासून करतात ना?

प्रतिसाद : हो. १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं तसं इन्शुलिन ई. कोलाय जिवाणूंतलं होतं. पण इन्शुलिन लहान, ५१ अमिनो आम्लांचं. प्रतिपिंड खूप मोठं, शिवाय त्यावर साखरेच्या साखळ्या लागतात. त्या सीएचओ पेशी जोडतात, ई. कोलाय नाही.

प्रश्न : 'बायोसिमिलर' म्हणजे जेनेरिकच का?

प्रतिसाद : नाही, आणि इथे 'जैवसदृश' हा शब्द मला चपखल वाटतो. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूत २१ अणू, त्यामुळे कुणीही केलं तरी तेच. अ‍ॅडालिमुमॅबमध्ये सुमारे वीस हजार. मूळ औषधासारखंच औषध करायला दुसरी कंपनी आपल्या वेगळ्या पेशी घडवते, त्यामुळे साखरेच्या साखळ्यांत बारीक फरक राहतात. म्हणून मूळ औषधाशी तुलना करून गुण आणि सुरक्षितता दाखवावी लागते. भारतात २०१४ पासून अ‍ॅडालिमुमॅबचं जैवसदृश औषध मिळतं. स्वस्त म्हणजे हलकं, असं समजू नका.

एक राहिलं. हे इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही. गोठलं तर प्रथिनाची घडी बिघडू शकते, मग ते वापरायचं नाही.