थीसिसचे दोन्ही पावसाळे गेले, आता काय करू?

सत्तरीची_पोर
एमडी मेडिसिन, दुसरं वर्ष संपत आलंय. विषय लेप्टोस्पायरोसिस आणि किडनी. हट्टानं मीच घेतला. आमच्या गोव्यात, वाळपईकडे चिखलात उतरणाऱ्या माणसांचा हा ताप लहानपणापासून ऐकत आलेय.

कोर्स तीन वर्षांचा, पण परीक्षेच्या सहा महिने आधी थीसिस द्यायचा. म्हणजे हाती पावसाळे दोनच. पहिला एथिक्स कमिटीच्या मंजुरीत गेला. कमिटीची बैठक दोनदा पुढे ढकलली, मग शेरा आला की संमतीपत्र कोकणीतही हवं (बरोबरच होतं म्हणा). ते करून मंजुरी येईतो चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली. दुसऱ्या पावसात, जुलै ते सप्टेंबर, माझी डीआरपी (जिल्हा रुग्णालयातली सक्तीची ड्युटी) लागली. आजवर रुग्ण १९, मंजूर नमुना ६४, थीसिस मे महिन्यात द्यायचा.

त्या १९ मधली एक कुडतरीची म्हातारी. कोकणी संमतीपत्र हातात दिलं, तिनं चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "हें म्हाका वाचूंक येना, बाये." तिनं जन्मभर रोमी (रोमन लिपीतली कोकणी) वाचलेली, माझा कागद देवनागरी. वाचून दाखवायचं तर तटस्थ साक्षीदार हवा. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा चहाला गेलेला. यात पाऊण तास, तेवढ्यात कॅज्युअल्टीचे चार फोन. बरं, तापाचा तिसराच दिवस, आयजीएम (लेप्टोची अँटिबॉडी चाचणी, इतक्या लवकर चुकू शकते) निगेटिव्ह. पुन्हा रक्त घ्यायच्या आत घरी गेली. तिला मोजू की नको, तेही कळेना.

गाईड म्हणतात, "बघू." विषय बदलू का?

नाईट_संपेना
अजिबात बदलू नकोस, सिनॉप्सिसपासून (अभ्यासाच्या आराखड्यापासून) सगळं परत. माझंही असंच अडलेलं. मागच्या तीन-चार वर्षांच्या फाइली घे आणि अभ्यास रेट्रोस्पेक्टिव्ह कर. रेकॉर्ड रूममध्ये मास्क लावून जा, ओल लागून कागद एकमेकांना चिकटलेले असतात. डिस्चार्ज समरी सापडेल, रोजचा युरिन आउटपुट सापडेलच असं नाही.

पीएसएमवाला
फाइली उघडण्याआधी बदललेला प्रोटोकॉल कमिटीकडे द्या. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जुन्या नोंदींसाठी संमतीतून सूट मागायची सोय आहे. नाव-पत्ता वगळून माहिती घेणार हे स्पष्ट लिहा.

तुमचे ६४ बहुधा ४पीक्यू भागिले डी-वर्ग यातून आले असावेत: पी (अपेक्षित प्रमाण) २० टक्के, क्यू उरलेले ८०, डी (चालणारी चूक) १०. उद्या कोणी सुचवेल, डी १३ धरा, ३८ रुग्णांत भागतं. ते करू नका. रुग्ण मोजून झाल्यावर डी ठरवला, हे परीक्षकाला लगेच दिसतं.

फाइलींवरच्या निदानावर जाऊ नका, नुसत्या संशयावरही लेप्टो लिहितात. लॅबच्या रजिस्टरमधल्या आयजीएम पॉझिटिव्ह नोंदींवरून फाइल काढा. क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) मिळेल. रुग्ण अनवाणी शेतात उतरला होता का, हे मात्र कोणी लिहिलेलं नसतं. तो प्रश्न सोडून द्या. आणि तुमचे १९ वेगळे मांडा, यात मिसळू नका.

सत्तरीची_पोर
सर, ते ६४ तसेच आले होते, पी २०, डी १०! अनवाणीचा प्रश्न सोडायचा म्हणजे जिवावर येतं, विषय घेतला होता तोच त्याच्यासाठी. पण ठीक.

@नाईट_संपेना, मास्क घेतला.

आज लॅबमध्ये विचारून आले. रजिस्टरं उघडली नाहीत, आहेत का तेवढंच विचारलं. चार वर्षांची आहेत, एकाला वाळवी लागलीय. गाईडनी अर्जावर सही केली. पुढची बैठक कधी म्हणून क्लार्कना विचारलं, तर म्हणाले, "कोरम जमला की कळवतो."