आर्च लिनक्स सोडताय तर लिनक्स मिंट बघा

आर्चवर (विंडोजऐवजी वापरायच्या लिनक्सचा एक प्रकार) अपडेट केलं की काहीतरी बिघडतं, रोजच्या कामाला सोपं लिनक्स कोणतं, असं तुम्ही विचारलंय. कुणीतरी फेडोरा हे दुसरं लिनक्स सुचवलंय, वाईट नाही; पण त्याच्या एकेका आवृत्तीला जेमतेम १३ महिने अपडेट मिळतात. माझं मत मिंटला. मिंट २२ हे उबंटू २४.०४ या लिनक्सवर आधारलेलं आहे, २०२९ पर्यंत अपडेटची चिंता नाही. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटच्या सिनॅमन या जड डेस्कटॉपच्या नादाला न लागता हलका एक्सएफसीई घ्या. बिघडलेली सिस्टिम आधीच्या स्थितीत परत नेणारं टाइमशिफ्ट सोबतच येतं, ते पहिल्याच दिवशी चालू करा. फक्त ते सिस्टिम जपतं, तुमचे फोटो-फायली नाहीत!

आपल्या कोल्हापुरात खरी अडचण वेगळीच. उद्यमनगरात ऑटोकॅडच्या ड्रॉइंगवर काम असेल किंवा दुकानाचा हिशोब टॅलीत असेल, तर ती लिनक्सवर सरळ चालत नाहीत, म्हणून डिस्कच्या एका भागात (पार्टिशनवर) विंडोज राहू दे. पत्रिका छापणाऱ्याकडून आलेली जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्ड-एक्सेलसारखं ऑफिस) अगम्यच दिसते, त्याच्याकडून सरळ पीडीएफ मागा. मराठी टायपिंगची मात्र काळजी नको, कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट हा देवनागरी कीबोर्ड मिळतो.

बसवण्याआधी मिंट पेनड्राइव्हवरूनच (लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता) चालवून वायफाय आणि प्रिंटर तेवढे तपासा.