मदत हवी आहे: दम्यावर मधमाशीचा डंख घ्यावा का?

नमस्कार मंडळी, आम्ही वाईजवळ राहतो. सासूबाईंना बरीच वर्षं दमा आहे, त्यात धुळीची ॲलर्जी. ऊसतोड सुरू झाली आणि शेतात पाचट पेटलं, की पाठीला उशा लावून रात्र बसून काढतात. छातीतली घरघर पलीकडच्या खोलीत ऐकू येते. आता महाबळेश्वरकडचे एक पाहुणे सांगून गेलेत, मधमाश्या चावून घ्या, दमा मुळापासून जातो. सासूबाईंनी ते अगदी मनावर घेतलंय.

मला मात्र धास्ती वाटते. ॲलर्जी असेल तर एका डंखानेही घसा सुजून श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो, आणि दमेकऱ्याला तर हा धोका जास्तच. डॉक्टर मधमाशीच्या विषाची इंजेक्शनं देतात ती डंखाच्याच ॲलर्जीवर, दम्यावर नाही. कोमट पाणी, मधाचं चाटण याला माझी ना नाही, पण पंप बंद करून नको.

साताऱ्यात ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी कुठे होते? धुराच्या दिवसांत तुम्ही घरात काय काळजी घेता? कुणी डंख घेतला असेल, तर खरं काय झालं तेही सांगा. पाहुणे रविवारी माश्या घेऊन येणार आहेत, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.