टब काढून तेथे शॉवर करावा का?

मूळ मुद्दा
न्यू जर्सीतील आमचे घर 1970 च्या दशकातील असून वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही न्हाणीघरांत पाच फुटी टब आहेत. आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. मागील खेपेस टबची सव्वा फूट उंच कड ओलांडताना आईला रोज कुणाचा तरी हात धरावा लागे, आणि आत गेल्यावर ती स्टुलावर बसून बादली-तांब्यानेच अंघोळ करी. म्हणजे टबचा उपयोग आम्ही मोरी म्हणूनच करत होतो. घराचे नूतनीकरण चालूच आहे, तेव्हा खालचा टब काढून तेथे उंबरा नसलेला शॉवर करावा, असे माझे ठाम मत आहे.

विरोधी मत
सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी कायमची तोडफोड कशाला? टबच्या कडेवरून आतबाहेर जाणारे, बसून सरकण्याचे बाक येथे सहज मिळते. त्याला हातात धरायच्या शॉवरची जोड दिली, तर आपल्या आईंची अडचण दूर होईल. शिवाय घरात लहान मूल असताना टबसारखी सोय नाही, हे मी तेल लावलेल्या, हातातून निसटणाऱ्या दोन मुलांना अंघोळ घालून शिकलो आहे.

बांधकामातील एकाचे मत
बाकाचा उपाय मलाही मान्य आहे, पण ते वापरताना पडदा नीट बसत नाही आणि पाणी बाहेर येते; आपल्याकडच्या न्हाणीघरासारखी येथे टबबाहेरच्या जमिनीला मोरी नसते, हे विसरू नये. मात्र उंबरा अजिबात नको, या हट्टाने काम अवघड होते. पाण्याला दर फुटास पाव इंच उतार हवा आणि तो साधण्यासाठी लाकडी तुळयांवरची जमीन खाली घ्यावी लागते. तुळई वाटेल तशी कापणारा कारागीर दिसला, तर त्याला तेथेच थांबवावे. टबची निचरा-नळी बहुधा दीड इंची असते, तर शॉवरला बहुतेक ठिकाणी दोन इंची लागते, त्यामुळे ‘नुसता टब उचलायचा’ असे सांगणाऱ्याचा अंदाज खरा मानू नये. फरशी बसवण्यापूर्वी तळात पाणी साठवून चोवीस तास गळती तपासावी. हा एक दिवस वाचवलेली घरे मी पुन्हा फोडली आहेत.

विरोधी मत
म्हणजे तोडफोडीबद्दलची माझी शंका खरीच ठरली. घर विकताना एकही टब नसेल, तर लहान मुलांचे कुटुंब परत फिरेल, हेही लक्षात घ्यावे.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर
वरच्या मजल्यावरचा टब तसाच राहणार आहे, त्यामुळे हा शेवटचा आक्षेप मला लागू होत नाही. मुलाची अंघोळ तेथेच होते. तुळयांचे म्हणणे मात्र पटले, म्हणून उंबरा पूर्ण न काढता दोनतीन इंचांचा ठेवीन. भिंत उघडलेली असतानाच आधाराच्या दांड्यासाठी आत जाड लाकूड बसवून घेणार आहे, कारण नुसत्या फरशीत ठोकलेला दांडा माणसाचा भार पेलत नाही. बसायचा कट्टाही करीन, पण समोर बादली मावेल एवढी जागा सोडून.