दहावीनंतर तुम्ही काय घेतलं? नागपूरकरांनो, आपापले अनुभव सांगा

मानेवाड्याची आई:
नमस्कार सगळ्यांना. १३ मेला निकाल लागला, माझ्या मुलीला ७९ टक्के पडले. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. भासरे म्हणतात सायन्सच घ्या, पुढे काय ते बघता येते. नणंद म्हणते बायफोकल घ्या, म्हणजे सायन्ससोबत एक व्यावसायिक विषय. पोरगी मात्र एकाच गोष्टीवर अडून बसली आहे, तिला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा आहे. एप्रिलमध्ये आमच्या कूलरचा पंप बंद पडला तर तिनेच तो उघडला, आत अडकलेला चोथा काढला, तुटलेली वायर सोलून परत जोडली आणि पंप सुरू झाला, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच आहे. आमचे हे म्हणतात मुलीला मशीनमध्ये कुठे टाकतेस.
मला सल्ला नको, सल्ले भरपूर झाले. तुम्ही स्वतः काय घेतलं, कोणी ठरवलं, पहिल्या वर्षी काय झालं तेवढं मोकळेपणी लिहा. चुकलं असेल तर तेही लिहा, त्याचाच जास्त उपयोग होईल.

बुटीबोरीवाला:
ताई, मी आयटीआयवाला आहे. ५८ टक्के होते, बाबा म्हणाले दोन वर्षात हाताला काम पाहिजे, घरात मी मोठा. श्रद्धानंदपेठच्या सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड लागला. मला वाटलं पहिल्याच दिवशी मशीन चालवायला मिळेल, पण पहिले कितीतरी दिवस फक्त हॅकसॉ (लोखंड कापायची करवत) आणि फाइल, म्हणजे कानस. लोखंडाचा एक चौकोनी तुकडा वाइसमध्ये पकडायचा आणि घासायचा, बस. तळहाताला फोड आले, ते फुटले, त्यावर रुमाल बांधून परत घासायचं. मग सर यायचे, तुकड्यावर ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, ठेवायचे आणि खिडकीकडे धरायचे. मधून उजेड दिसला की म्हणायचे, घे बेटा, अजून उंच आहे इथे. माझा तुकडा सतरा-अठरा वेळा परत आला असेल. ज्या दिवशी उजेड दिसला नाही त्या दिवशी मी तो तुकडा दप्तरात घालून घरी आणला आणि आईला दाखवला, तिला काही कळलं नाही पण तिने तो देवाजवळ ठेवला, अजून तिथेच आहे.
पुढे एक वर्ष कोराडीच्या पॉवर स्टेशनमध्ये अप्रेंटिस केली. तिथे कळलं की डिप्लोमावाल्याला वेगळं टेबल मिळते आणि आपल्याला वेगळं, म्हणून दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अ‍ॅडमिशन घेतली. हे बऱ्याच लोकांना माहीतच नसते, आयटीआय केलं म्हणजे शिक्षण संपलं असं धरून चालतात. डिप्लोमानंतरही इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. माझं गणित कच्चं होतं, दुसऱ्या वर्षाचं मॅथ्स दोनदा राहिलं, तिसऱ्यांदा निघालं. आज बुटीबोरीत मेंटेनन्स बघतो आणि नवीन पोट्टे आले की आधी त्यांच्या हातात फाइल देतो.

सिव्हिल लाइन्स बीएस्सी:
माझा अनुभव कडू आहे. ९१ टक्के होते, त्यामुळे कोणी काही विचारलंच नाही, सायन्स आणि टायअप ठरलेलंच. म्हणजे नाव एका ज्युनियर कॉलेजात, बसायचं क्लासमध्ये, कॉलेजात जायचं ते फक्त परीक्षेला. बाबांनी फीसाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. सकाळी सातपासून क्लास, रविवारी टेस्ट, टेस्टच्या रँकप्रमाणे बॅच बदलायची, मी वरच्या बॅचमधून तिसऱ्या बॅचमध्ये आलो आणि ते घरी सांगायची हिंमत झाली नाही. दोन वर्षात मी लॅबचं दार पाहिलं नाही, जर्नल सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवलं. सीईटीत जेमतेम मार्क आले, बाबा काही बोलले नाहीत पण त्या उन्हाळ्यात त्यांनी माझ्यासमोर बसून जेवणं सोडलं होतं.
मग १९०६ पासूनच्या आपल्या शासकीय विज्ञान संस्थेत बीएस्सीला गेलो. पहिल्याच आठवड्यात टायट्रेशन होतं, म्हणजे थेंब थेंब सोडून द्रावण मोजायचा प्रयोग, आणि मला ब्युरेटचा (खुणा केलेल्या उभ्या नळीचा) नॉब कुठल्या हाताने फिरवायचा तेही येत नव्हतं. बाजूला खेड्यातून आलेली एक मुलगी होती, तिच्या ज्युनियर कॉलेजात प्रॅक्टिकल खरोखर घ्यायचे, तिने दाखवलं, डावा हात नॉबवर, उजव्या हाताने फ्लास्क हलव, थेंब थेंब सोड. फिका गुलाबी रंग आला आणि टिकला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय माझा आहे. एमएस्सी झालो, आज एका औषध कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये आहे. ताई, सायन्स घ्याल तर कॉलेजची लॅब सुरू आहे का ते आधी डोळ्यांनी बघा, बेसिनला पाणी येते का तेवढंच बघितलं तरी कळते.

नंदनवनची सिस्टर:
बायफोकलचं वाचलं म्हणून लिहिते. मी बायोलॉजी सोडून बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतलं होतं, कारण मैत्रिणीने घेतलं. २०० मार्कांचा विषय, स्कोअरिंग आहे, मार्क खरंच छान आले. पण बारावीत आजी चार महिने अंथरुणाला होती, तिचं सगळं मी केलं आणि मला नर्सिंगला जावंसं वाटू लागलं. बीएस्सी नर्सिंगला बायोलॉजी लागते, दार बंद. एका मावशीने सांगितलं जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, कुठलीही शाखा चालते, म्हणून तीन वर्षांचं जीएनएम केलं. पहिल्या नाइट ड्युटीत एक पेशंट माझ्यासमोर गेला, मी स्टोअरमध्ये जाऊन रडले, सिनियर सिस्टर आल्या, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, चल, नातेवाइकांना बाहेर कोणीतरी पाणी द्यायला पाहिजे. मी या कामात आहे याचं मला समाधान आहे. पण विषय सोडताना त्याच्यामागे कोणकोणती दारं बंद होतात हे मला सोळाव्या वर्षी कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

पारडीचा वायरमन:
मी दहावी नापास, गणितात गेलो. माझ्यासारख्यांनी इथे लिहावं की नाही हा विचार करून राहिलो होतो, मग म्हटलं लिहूनच टाकतो. मामा म्हणाले काहून बसून राहतो, वायरमन ट्रेडला आठवी पास चालते. दोन वर्षं केलं. सुरुवातीला परमिट नव्हतं तर ठेकेदाराच्या हाताखाली काम केलं, पैसे तो घेऊन जायचा. वायरमनचं परमिट निघालं तेव्हापासून स्वतःची कामं घेतो. गणित नंतर काढलं, ऑक्टोबरला, लोडचा हिशेब करता करता ते आपोआप जमाले लागलं. ताई, तुमच्या पोरीनं वायर स्वतः सोलली म्हणता ना, आतला तांब्याचा तार न कापता सोलली असेल तर तिचा हात चांगला आहे. फक्त तिला सांगा, आधी प्लग काढायचा, मग हात लावायचा.

इतवारी:
कॉमर्स. घरचं होलसेल दुकान म्हणून बाबांनी ठरवलं, माझा विरोध नव्हता. सीएला बसलो, सीपीटी, म्हणजे तेव्हाची प्रवेश परीक्षा, पहिल्या झटक्यात, पुढे एक ग्रुप निघाला आणि दुसरा चार अटेम्प्टमध्येही नाही. सीएच्या हाताखालची तीन वर्षांची आर्टिकलशिप मात्र पूर्ण केली, आता ती दोनच वर्षांची झाली आहे. सोडलं तेव्हा लोकांसमोर जायला जीव धजत नव्हता. पण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमच्या बाजारातले निम्मे व्यापारी वह्या घेऊन दारात उभे राहिले, आर्टिकलशिपमध्ये शिकलेलं सगळं तिथे कामी आलं. आज स्वतःचं टॅक्सचं ऑफिस आहे.

उमरेडकर:
सदरच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून मायनिंगचा डिप्लोमा केला. काका वेकोलित (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) होते म्हणून मला हा रस्ता माहीत होता, नाहीतर आमच्या वर्गात मायनिंग म्हणजे काय ते कोणाला माहीत नव्हतं. डिप्लोमानंतर एक वर्ष खाणीत प्रॅक्टिकल ट्रेनिंग, मग ओव्हरमनचं, म्हणजे खाणीत कामावर देखरेख करणाऱ्याचं सर्टिफिकेट, त्याच्यासोबत फर्स्ट एड आणि गॅस टेस्टिंगचं वेगळं. पहिल्यांदा खाली उतरलो तेव्हा सरांनी सगळ्यांना हेडलॅम्प एक मिनिट बंद करायला लावले. तसा अंधार मी त्याआधी पाहिला नव्हता, स्वतःचा हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. आमच्यातल्या दोघांनी तिथेच ठरवलं की हे आपलं काम नाही आणि त्यांनी ते ठरवलं हे बरंच केलं.
मुलीच्या बाबांसाठी एक सांगतो. २०१९ पासून मुलींना दिवसाच्या पाळीत जमिनीखालच्या खाणीतही काम करता येते. खाणीत चालते तर सबस्टेशनमध्ये का नाही चालणार.

फॉर्म भरून देणारे सर:
मी शाळेत आहे, दरवर्षी पोरांचे फॉर्म भरून देतो, म्हणून कागदांचं सांगतो, कारण दरवर्षी कोणाची ना कोणाची सीट कागदापायी जाते. अकरावी, डिप्लोमा आणि आयटीआय, तिन्हींचे फॉर्म वेगळे आहेत आणि तिन्ही एकाच वेळी भरता येतात, एक भरला की दुसरा बंद असं काही नाही. गोची होते ती ओरिजिनल टीसीची, ती एकाच ठिकाणी देता येते, म्हणून सगळ्या याद्यांच्या तारखा एका कागदावर लिहून भिंतीला लावा. अकरावीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर घ्यावंच लागते, नाही घेतलं तर नेहमीच्या फेऱ्यांतून बाहेर, त्यामुळे "सहज म्हणून" कुठलंही नाव एक नंबरला टाकू नका. नॉन क्रिमीलेयर, म्हणजे आरक्षणासाठी लागणारा उत्पन्नाच्या मर्यादेचा दाखला, त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतच चालते, मुदत संपलेलं जुनं घेऊन येतात आणि मग सेतूच्या रांगेत उन्हात उभे राहतात. पुढे इंजिनीअरिंगला आरक्षित जागेवर जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करून टाका. मुलींसाठी आयटीआय आणि डिप्लोमा दोन्हीकडे ३० टक्के जागा राखीव असतात, ७९ टक्क्यांवर इलेक्ट्रिकलची आशा ठेवायला हरकत नाही.

मानेवाड्याची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. उमरेडकर भाऊंचं वाचलं तेव्हा हे उठून गच्चीवर गेले आणि बऱ्याच वेळाने खाली आले. आज सकाळी आम्ही तिघं सदरला जाऊन आलो. सुट्ट्या असल्यामुळे वर्कशॉप बंद होतं, पण तिथल्या एका कर्मचारी दादांनी आमची गोष्ट ऐकली आणि दार उघडून दिलं. आत रांगेने मोटरी ठेवल्या आहेत, एक उघडून ठेवलेली होती, तिच्यातली तांब्याची गुंडाळी दिसत होती. पोरगी तिथे किती वेळ वाकून बघत होती. यांनी तिला विचारलं, ही आपल्या कूलरच्या पंपासारखीच का? ती म्हणाली, बाबा, काम तेच, ही फक्त मोठी आहे. मग तिने बोटाने दाखवत दाखवत यांना समजावून सांगितलं आणि हे ऐकत उभे राहिले.
घरी येताना यांनी स्वतःच सेतूवर गाडी थांबवली. नॉन क्रिमीलेयरचा अर्ज टाकला आहे, आठवड्यात मिळेल म्हणाले. यादी लागली की इथे कळवते.